पट्टे आवळता येतात, हार्नेस लहान होत नाही

तुम्ही विमानातून पॅराशूटने उड्या मारायला शिकलात आणि आता स्वतःची रिग, म्हणजे पाठीवर घ्यायचा पॅराशूटचा पूर्ण संच, घ्यायची आहे. तुमचा प्रश्न थोडक्यात असा. उंची ५ फूट २ इंच, वजन ५६ किलो. एकट्याने उडी मारण्याचं पहिलं, म्हणजे ए लायसन्स नुकतंच मिळालं, ३२ उड्या झाल्या, शेवटच्या दहा शाळेच्या १९० चौरस फुटांच्या कॅनोपीवर, म्हणजे छत्रीवर. शिकागोच्या बाजूला राहता आणि दर उडीला साधारण ३० डॉलर भाडं भरून कंटाळल्या आहात. एक वापरलेली रिग विकायला आहे: २००९ सालचा कंटेनर (छत्र्या ठेवायची पाठपिशवी), ६०० उड्या झालेली १५० ची मेन (मुख्य छत्री), १२६ ची रिझर्व्ह (राखीव छत्री), पुढच्या वर्षी मुदत संपणारं एएडी (वेळेत छत्री उघडली नाही तर रिझर्व्ह आपोआप उघडणारं यंत्र), सगळं मिळून ३,२०० डॉलर. विकणारे गृहस्थ ५ फूट १० इंच उंच आहेत आणि म्हणतात, "पट्टे आवळले की कुणालाही बसते." घेऊ का?

ही रिग तुमच्यासाठी नाही. पण नुसतं "नाही" ऐकून उपयोग नाही, कारण पुढच्या दोन महिन्यांत अशाच दहा जाहिराती तुमच्यासमोर येतील. म्हणून नाही का म्हणतो आणि हो कशाला म्हणायचं, दोन्ही सांगतो.

तुम्ही किमतीबद्दल विचारलंय. किंमत वाजवी असेलही. पण रिग म्हणजे एक वस्तू नसते. हार्नेस (अंगाभोवतीचे पट्टे) शिवलेला कंटेनर, रिझर्व्ह, मेन, एएडी आणि रायझर (हार्नेसला कॅनोपीच्या दोऱ्यांशी जोडणारे पट्टे), पायलट शूट (मेन बाहेर ओढणारी छोटी छत्री) यांसारखं किरकोळ सामान अशी ती मोट असते. यातलं नंतर काय बदलता येतं आणि काय नाही, हे आधी वेगळं करायचं. कंटेनरचं आकारमान बदलत नाही. शिवलेल्या खोक्यात जेवढं मावतं तेवढंच मावतं. हार्नेसचं माप बदलता येतं, पण त्यासाठी पट्टे उसवून पुन्हा शिवावे लागतात, आणि अमेरिकेत ते काम उत्पादकाकडे किंवा मास्टर रिगरकडेच होतं (रिगर म्हणजे पॅराशूट तपासून पॅक करणारा परवानाधारक कारागीर). मेन बदलणं सोपं आहे. लाइन्स (कॅनोपीच्या दोऱ्या), रायझर, पायलट शूट हे तर झिजायलाच असतात. म्हणून कुणासाठी रिग बघताना माझा क्रम ठरलेला आहे: आधी रिझर्व्ह आणि कंटेनर, मग हार्नेस, मग मेन, त्यानंतर एएडी. रंग सगळ्यांत शेवटी.

आता तुमचा आकडा काढू. ५६ किलो म्हणजे सुमारे १२३ पौंड. रिग, हेल्मेट, जंपसूट, बूट, अल्टिमीटर मिळून २५ पौंड धरा. विमानाच्या दारातून बाहेर पडताना तुमचं वजन झालं १४८ पौंड. याला कॅनोपीच्या चौरस फुटांनी भागलं की विंग लोडिंग मिळतं. १९० वर ते ०.७८ येतं, १७० वर ०.८७, १५० वर ०.९९ आणि १२६ वर १.१७. नवशिक्याने १.० च्या आत राहावं हा सगळीकडे सांगितला जाणारा नियम. १५० त्यात जेमतेम बसते, म्हणून ती "तुमच्याच मापाची" वाटते.

इथेच हलक्या वजनाची माणसं फसतात. विंग लोडिंग सारखं असलं तरी लहान कॅनोपी मोठीपेक्षा चपळ असते. तिच्या लाइन्स आखूड असतात, त्यामुळे टॉगल (वळायला आणि वेग कमी करायला हातात धरायची पकड) ओढला की ती झटकन वळते, आणि वळताना अंगही लवकर बाहेर फेकलं जातं. ९० किलोचा माणूस २२० वर १.० च्या आसपास उडतो आणि तुम्ही १५० वर उडता, तेव्हा कागदावर दोघांचा आकडा एकच असतो. पण जमिनीजवळ घाबरून टॉगल ओढला गेला, तर त्याच्यापेक्षा तुमच्या हातात वेळ कमी असतो. म्हणून हलक्या माणसाने नियमाच्या बरंच खाली राहावं असं माझं स्पष्ट मत आहे. १९० वरून १७० वर या, आणि तिथे शंभरेक उड्या काढा. वाऱ्यात, वारा नसताना, आडव्या वाऱ्यात, ठरलेल्या जागेपासून लांब, अशा सगळ्या प्रकारे उतरता आलं की १५० चं बघा.

यात परिस्थितीवर अवलंबून असलेला भाग आहे. तुमचं मैदान इलिनॉयच्या सपाटीवर आहे, ते एक बरं. कोलोरॅडोत ५,००० फुटांवरच्या मैदानात, उन्हाळ्याच्या दुपारी, हवा विरळ असल्यामुळे तीच कॅनोपी जास्त वेगाने जमिनीवर येते. तिथे मी १९० च सांगितली असती. गुडघा किंवा घोटा आधी दुखावलेला असेल, वय पन्नाशीच्या पुढे असेल, महिन्याला दोन-तीनच उड्या होत असतील, तरीही १९० च. आणि तुमच्या प्रशिक्षकाने तुमचं लँडिंग डोळ्यांनी पाहिलंय, मी पाहिलेलं नाही. मेनच्या आकाराबाबत त्याचा शब्द माझ्यावरचा.

रिझर्व्हबद्दल मात्र मी इतका मऊ बोलणार नाही. रिझर्व्ह उघडते तो दिवस आधीच बिघडलेला असतो. उंची कमी असते, खाली ओळखीचं मैदान नसून मक्याचं शेत किंवा कुणाचं परसदार असतं, कदाचित खांदा निखळलेला असतो. डोक्याला मार लागून शुद्ध गेली आणि एएडीने रिझर्व्ह उघडली, तर उतरताना फ्लेअर (दोन्ही टॉगल ओढून वेग कमी करणं) करायलाही कुणी नसतं. त्या क्षणी तुम्ही जी १२६ उडवत असाल ती तुम्ही आयुष्यात कधी उडवलेली नसेल. सात कप्प्यांची, मेनपेक्षा वेगळ्या कापडाची, १.१७ च्या लोडिंगची. रिझर्व्हच्या लेबलवर कमाल वजनाचा एक मोठा आकडा छापलेला असतो. तो दाखवून "तुम्ही तर त्याच्या कितीतरी आत बसता" असं कुणी म्हणालं तर लक्षात ठेवा, तो शिवण आणि कापडाच्या ताकदीचा आकडा आहे. पाय शाबूत राहतील की नाही, हे तो सांगत नाही. तुमच्यासाठी १६० उत्तम, तिथे लोडिंग ०.९३ येतं. १४३ ही शेवटची पायरी, १.०३. त्याखाली नाही.

मग याच कंटेनरमध्ये १६० ची रिझर्व्ह घालू का? मावणार नाही. १२६ साठी शिवलेल्या कप्प्यात १६० कोंबली तर कप्पा बंद ठेवणारी पिन घट्ट होते, स्प्रिंगवालं पायलट शूट नीट बसत नाही आणि फ्रीबॅग (रिझर्व्ह ठेवलेली पिशवी) बाहेर यायला अडखळू शकते. कमी जागेत मावणाऱ्या रिझर्व्ह मिळतात. परफॉर्मन्स डिझाइन्स या कंपनीची ऑप्टिमम ही त्यांच्याच साध्या रिझर्व्हपेक्षा साधारण एक माप लहान घडी होते. म्हणजे १२६ च्या कप्प्यात १४३ ची ऑप्टिमम बसण्याची शक्यता असते, पण ते कंटेनर बनवणाऱ्याच्या तक्त्यात लिहिलेलं हवं, अंदाजाने नको. आणि ती नवी घ्यायची तर स्वस्त रिगचा स्वस्तपणा तिथेच संपतो.

मेनच्या बाजूला थोडी सूट असते. बहुतेक कंटेनरमध्ये ठरलेल्या मापापेक्षा एक माप वर-खाली चालतं. पण दोन्ही टोकांना धोका आहे. मेन फार मोठी असेल तर बॅग अडकते, पिन ओढायला जोर लागतो. फार लहान असेल तर क्लोजिंग लूप (पिन ज्यातून जाते तो दोरीचा फास) कितीही आखूड केला तरी ताण धरत नाही, आणि पिन नको तेव्हा निसटू शकते. पोटावर ताशी १२० मैल वेगाने पडताना असं उघडणं वाईटच. विमानाच्या दारात, शेपटीच्या जवळ, त्याहून वाईट. पॅक केलेली रिग हातात घेऊन मेनच्या कप्प्याचे खालचे दोन कोपरे चिमटीत धरा. कोपरे रिकामे, लुळे लागले तर मेन लहान आहे. पिनखालचा लूप बोटाने हलवून बघा. तो ताठ हवा.

आता हार्नेस. तुमच्या प्रश्नातला सगळ्यांत महत्त्वाचा आणि विकणाऱ्याच्या वाक्यात सगळ्यांत चुकीचा असलेला भाग हाच.

हार्नेसमध्ये आवळता येणारे पट्टे तीनच असतात: मांड्यांचे दोन आणि छातीचा एक. खांद्याखालच्या थ्री-रिंगच्या (मेन सोडवता येणाऱ्या तीन कड्यांच्या जोडाच्या) मोठ्या कडीपासून कमरेपर्यंत खाली येणारा जो उभा पट्टा असतो, ज्यावर उजवीकडे कटअवेचं (बिघडलेली मेन सोडून द्यायचं) आणि डावीकडे रिझर्व्हचं हँडल असतं, तो मेन लिफ्ट वेब. शिकणाऱ्यांसाठीच्या शाळेच्या रिगवर तो कमी-जास्त करता येतो, म्हणून शिकताना सगळ्यांना सगळं बसतं आणि हा गैरसमज रुजतो. खासगी रिगवर तो ठरावीक लांबीचा शिवलेला असतो. कमरेकडून पाठीला जाणारे आडवे पट्टे, ज्यांना लॅटरल म्हणतात, तेही बहुतेक रिगवर पक्के शिवलेले. ५ फूट १० इंचाच्या माणसाच्या धडाला बेतलेला उभा पट्टा तुमच्यासाठी दोन-तीन इंच तरी लांब असणार.

दोन-तीन इंचांनी काय होतं ते जमिनीवर उभं राहून कळत नाही, हीच अडचण आहे. मांडीचे पट्टे घट्ट ओढले की उभं असताना सगळं आवळल्यासारखंच वाटतं. कॅनोपी उघडते तेव्हा तुमचं वजन मांडीच्या पट्ट्यांवर येतं आणि उभा पट्टा त्याच्या पूर्ण लांबीपर्यंत वर ताणला जातो. ज्या कड्या कॉलरबोनच्या खाली असायला हव्यात त्या कानाशी येतात. छातीचा पट्टा गळ्याशी सरकतो आणि जोरदार ओपनिंगला हनुवटीवर आपटतो. दोन्ही हँडल वर आणि बाहेरच्या बाजूला सरकतात. मान खाली घातली तरी दिसत नाहीत, कपड्याच्या सुरकुतीत शोधावी लागतात. मेन गुंडाळी होऊन फिरत असताना हँडल शोधायला जाणारी दोन सेकंदं फार मोठी असतात. रायझरही तेवढेच वर जातात, आणि टॉगल हातापासून लांब होतात. आखूड हाताच्या माणसाला मग टॉगल धरण्यासाठीच थोडं ब्रेक ओढावं लागतं, कॅनोपी पूर्ण वेगाने उडतच नाही, आणि फ्लेअरला ओढायला जी लांबी लागते ती कमी पडते. लँडिंग सारखं बिघडतंय म्हणून महिनोन्‌महिने स्वतःला दोष देणाऱ्या लहान चणीच्या मुलींच्या बाबतीत पहिली तपासणी टॉगलपर्यंतच्या अंतराची करावी. आखूड रायझर लावून यातलं थोडं भरून काढता येतं. साधारण २१ इंचांचे रायझर सर्रास असतात, १९ चेही मिळतात. पण मूळ पट्टाच लांब असेल तर रायझर बदलून हँडल खाली येत नाहीत.

उलट चूकही होते. उभा पट्टा आखूड असेल तर खांदे दाबले जातात, मांडीचे पट्टे जांघेत रुततात, उभं राहिल्यावर माणूस किंचित वाकतो आणि हवेत कमान करताना पाठ अडते. हे त्रासदायक आहे, पण ते जमिनीवरच लगेच कळतं. लांब हार्नेस कळत नाही, म्हणून तो जास्त धोक्याचा.

उंचीवरून हार्नेस ठरत नाही, हेही सांगायला हवं. ठरतो तो धडावरून. गळ्याखालच्या खळगीपासून जांघेपर्यंत सरळ अंतर मोजून घ्या, कुणाची तरी मदत घेऊन, पाठ भिंतीला टेकवून. ५ फूट ६ इंचांची लांब पायांची बाई आणि तुम्ही यांचं धड सारखं निघू शकतं आणि तिची रिग तुम्हाला हातमोज्यासारखी बसू शकते. याच्याबरोबर मांडीचा घेर, छाती, कंबर आणि हाताची लांबी लिहून ठेवा. रिगच्या लेबलवरचा अनुक्रमांक घेऊन उत्पादकाला पत्र टाकलं की ती रिग मुळात कोणत्या मापांसाठी शिवली होती ते बहुधा कळतं, आणि तुमची मापं दिलीत तर बसेल की नाही तेही ते सांगतात. जाहिरातीतले इंच एकमेकांशी ताडून बघू नका. एक उत्पादक कमरेच्या कडीपर्यंत मोजतो, दुसरा मांडीच्या पट्ट्याच्या जोडापर्यंत, आणि कमरेला कडी नसलेल्या जुन्या हार्नेसचा हिशोब आणखी वेगळा.

रिग प्रत्यक्ष अंगावर घालून बघायची पद्धत अशी. उडी मारताना घालता तेच कपडे घाला, जंपसूटसकट. पातळ टीशर्टवर आणि हिवाळ्याच्या जाड थरांवर एकच हार्नेस वेगळा बसतो. पुण्याच्या पद्मश्री शीतल महाजन यांनी २०१८ मध्ये थायलंडला नऊवारी नेसून उडी मारली होती. काष्टा असल्यामुळे नऊवारीत मांडीचे पट्टे दोन्ही पायांना वेगवेगळे येतात, सहावारीत ते जमणार नाही. मांडीभोवतीचं कापड आणि पट्टा यांचं नातं इतकं थेट आहे. तर जंपसूट घालून, मांडीचे पट्टे आवळून सरळ उभ्या राहा. थ्री-रिंगची मोठी कडी कॉलरबोनच्या किंचित खाली, खांद्याच्या खोलगटात यायला हवी. मग कुणाला तरी कंटेनरचा तळ धरून डावी-उजवीकडे हलवायला सांगा. तुमचं अंग हललं तर ठीक. कंटेनर एकटाच पाठीवर फिरला, किंवा कमरेच्या खोलगटात आडवा तळहात सहज जाईल एवढी फट राहिली, तर लॅटरल लांब आहेत.

त्यानंतर पोटावर झोपा, बाकावर झोपलात तर उत्तम, आणि कमान करा. डोळे मिटून उजवा हात पायलट शूटच्या हँडलकडे न्या. ते कंटेनरच्या तळाशी असतं. लहान चणीच्या अंगावर लांब कंटेनर असेल तर ते नितंबाच्या खाली जातं आणि तिथपर्यंत हात पोचवताना खांदा झुकतो, अंग वळतं. दहापैकी दहा वेळा, खांदा न झुकवता हातात आलं पाहिजे.

शेवटची आणि खरी परीक्षा लटकून होते. बहुतेक शाळांत टांगलेल्या हार्नेसची चौकट असते. रिगरच्या देखरेखीखाली स्वतःच्या रायझरवर पाच मिनिटं लटका आणि समोरून व बाजूने फोटो काढून घ्या. कडी खांद्याच्या रेषेपर्यंत आली तर चालेल, जबड्याशी आली तर नाही. लटकलेल्या अवस्थेत मान खाली घालून दोन्ही हँडल दिसतात का बघा. हातमोजे घालून आधी उजवं, मग डावं पकडा. वर हात करून टॉगल धरा आणि खाली कमरेच्याही खाली हात जाईपर्यंत ओढा. यातलं एकही जमलं नाही तर ती रिग कितीही स्वस्त असली तरी तुमची नाही.

मेनच्या बाबतीत ६०० उड्या ऐकून घाबरू नका. शून्य-झिरपी कापड एवढ्यात म्हातारं होत नाही. चांगली जपलेली मेन हजाराच्या पुढे जाते. म्हाताऱ्या होतात त्या लाइन्स. स्पेक्ट्रा या कृत्रिम धाग्याच्या लाइन्स स्लायडरच्या (उघडण्याचा झटका कमी करायला लाइन्सवरून खाली सरकणाऱ्या कापडाच्या) घर्षणाने तापून आकसतात, आणि सगळ्या सारख्या आकसत नाहीत. स्लायडरच्या कड्यांना जास्त घासणाऱ्या बाहेरच्या आणि ब्रेकच्या लाइन्स जास्त आखूड होतात, मधल्या कमी. मग कॅनोपीचा मूळ आकारच बिघडतो: ओपनिंग विचित्र होतं, कॅनोपी आपोआप एका बाजूला वळू पाहते, आणि ब्रेक लाइन आखूड झाल्यामुळे शेपटी सतत किंचित खाली ओढलेली राहते. हवेत असताना टॉगल पूर्ण वर सोडून मागे बघा. ब्रेक लाइनला वाऱ्याने पाठीमागे थोडा बाक आलेला हवा. ती ताठ असेल तर आखूड आहे. व्हेक्ट्रनच्या लाइन्स आकसत नाहीत, पण त्या झिजून तंतू उभे राहतात आणि फारशी सूचना न देता तुटतात. विकणाऱ्याला नेमकं विचारा: लाइन्स कशाच्या आहेत, आणि शेवटच्या कधी, किती उड्यांवर बदलल्या? "आठवत नाही" हे उत्तर आलं तर नव्या लाइन्सचे चारेकशे डॉलर किमतीतून वजा धरा.

पायलट शूटच्या आतली किल लाइनही (मेन उघडल्यावर पायलट शूट मिटवणारी दोरी) अशीच आकसते. पायलट शूट कॉक केलं (पॅक करताना ती दोरी ओढून तयार ठेवलं) की ब्राइडलवरच्या (पायलट शूट मेनला जोडणाऱ्या पट्टीवरच्या) छोट्या खिडकीत रंगीत खूण पूर्ण दिसायला हवी. ती अर्धवट दिसत असेल किंवा पायलट शूट हाताने पसरल्यावर मधोमध खड्डा पडत असेल, तर हवेत ते पुरतं फुगत नाही आणि मेन बाहेर यायला उशीर होतो. लहानसा खर्च, पण नव्या खरेदीत हमखास दुर्लक्षित.

एएडीची किंमत उरलेल्या वर्षांवर ठरते. जर्मन बनावटीच्या जुन्या सायप्रेस २ ची मुदत साडेबारा वर्षांची होती आणि चौथ्या व आठव्या वर्षी ती कंपनीकडून किंवा तिच्या अधिकृत केंद्राकडून तपासून घ्यावी लागे. नव्या सायप्रेसना साडेपंधरा वर्षं मिळतात. बेल्जियमच्या व्हिजिलला वीस, चेक बनावटीच्या एम२ ला पंधरा. समजा नवं यंत्र १,३०० डॉलरला आहे आणि साडेपंधरा वर्षं चालणार आहे. म्हणजे वर्षाला साधारण ८४ डॉलर. तुमच्या जाहिरातीतलं यंत्र पुढच्या वर्षी संपणार, त्याची किंमत तेवढीच. शिवाय ते कोणत्या मोडमध्ये आहे तेही पडद्यावर बघून घ्या. वेगवान कॅनोपीवाल्यांसाठीचा मोड तुमच्या कामाचा नाही.

कागदपत्रं बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. कंटेनर, रिझर्व्ह आणि मेन या तिन्हींच्या लेबलचे स्वच्छ फोटो मागा. रिझर्व्हचं पॅकिंग कार्ड मागा. अमेरिकेत दर १८० दिवसांनी रिझर्व्ह रिगरकडून पुन्हा पॅक व्हावी लागते, त्या नोंदी त्यावर असतात. परफॉर्मन्स डिझाइन्सच्या जुन्या रिझर्व्हच्या लेबलवर प्रत्येक पॅकिंग आणि वापराची खूण करायला चौकोन असतात; चाळीस पॅकिंग किंवा पंचवीस वापर झाले की ती तपासणीला कारखान्यात पाठवायची असते. वर्षानुवर्षं रिपॅक झालेली रिझर्व्ह आणि लेबलवर चारच खुणा असतील तर प्रश्न विचारा. कंटेनर वीस वर्षांच्या जवळ आला असेल तर आधी तुमच्या रिगरला विचारा, कारण त्यापुढचं सामान काही रिगर हातातच घेत नाहीत.

व्यवहार असा ठरवा: रक्कम दोघांना मान्य असलेल्या दुकानाकडे किंवा रिगरकडे राहील, रिग तुमच्या रिगरकडे येईल, तो रिझर्व्ह उघडून सगळं तपासेल, सेवासूचना (उत्पादकाने काढलेल्या तपासणी-दुरुस्तीच्या सूचना) लागू आहेत का ते अनुक्रमांकावरून पाहील, आणि त्याने होकार दिला तरच पैसे पुढे जातील. तपासणी आणि रिपॅकचा खर्च तुमचा. विकणाऱ्याच्या ओळखीच्या रिगरने "कालच बघितलीय" म्हटलं तरी तुमच्या रिगरने उघडायचीच. प्रामाणिक विक्रेता याला नाही म्हणत नाही.

सध्याच्या गृहस्थांना सरळ कळवा की रिझर्व्ह तुमच्या वजनाला लहान आणि हार्नेस लांब आहे. त्यांच्या मापाचा दुसरा कुणी तरी असेल. तुम्ही शोधा तो १७० ची मेन आणि १६० ची रिझर्व्ह मावणारा कंटेनर, आरएसएल (मेन सोडताच रिझर्व्ह आपोआप उघडणारा पट्टा) लावलेला, तुमच्या धडाच्या मापाचा. असा कंटेनर कुठे असतो? तुमच्याच बांध्याच्या, दीड-दोनशे उड्या झालेल्या आणि आता लहान कॅनोपीकडे निघालेल्या एखाद्या मुलीकडे. ती जाहिरात टाकायच्या आधी तुमच्या मैदानावरच्या रिगरला बोललेली असते, म्हणून तुमची मापं लिहिलेला कागद त्याच्याकडे देऊन ठेवा. दोन-तीन महिने लागतील. तोवर भाड्याच्या १७० वर उडत राहा, म्हणजे रिग हाती येईल तेव्हा मेन तरी ओळखीची असेल.

आणि हाती आल्यावर पहिल्या उडीला कुणाबरोबर गटात जाऊ नका. जमिनीवर दोन्ही हँडल वीस-पंचवीस वेळा पकडून घ्या, कारण त्यांचा आकार आणि जागा शाळेच्या रिगपेक्षा वेगळी असते. एकट्या बाहेर पडा, ५,००० फुटांवरच कॅनोपी उघडा, आणि वरच्या वर तीन-चार पूर्ण फ्लेअर करून टॉगल कुठपर्यंत आणल्यावर ही कॅनोपी थांबते ते हाताला शिकवा. २,००० फुटांच्या खाली आलात की प्रयोग बंद करून लँडिंगच्या पॅटर्नकडे वळा.